खुब्यातली धूळ

खुबा बदलून पंधरा वर्षं केव्हाच उलटून गेली होती आणि तो अजिबात दुखत नव्हता. लॅबमध्ये दिवसभर उभी राहायचे, जिने चढायचे, पावसाळ्यात मैत्रिणींबरोबर दंडोबाच्या डोंगरावरही जाऊन यायचे. हे आधीच सांगते, कारण पुढचा सगळा पेच त्या न दुखण्यातूनच उभा राहिला.

स्कूटरवरून पडून माझ्या डाव्या मांडीच्या हाडाची मान मोडली होती. स्क्रू घालून ती जुळवली, पण खुब्याच्या गोळ्याकडे जाणारा रक्तपुरवठा तुटला होता. गोळा निर्जीव होऊन चुरत गेला आणि १९९७ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, कृत्रिम सांधा बसवावा लागला. ओटीपोटाच्या हाडात टायटॅनियमची वाटी, वाटीत पॉलिथिलीन या प्लास्टिकचा लायनर म्हणजे अस्तर, मांडीच्या हाडात दांडा आणि दांड्याच्या टोकावर कोबाल्ट-क्रोमचा २८ मिलिमीटरचा गोळा. सांधा हाडाला पक्का धरणारं सिमेंट कुठेच नाही. तरुण रुग्णाला बिनसिमेंटचा सांधा बरा, असा तेव्हा पुष्कळ सर्जनांचा कल होता. तो तसा का होता, ते पुढे येईलच.

मी मिरजेत हिस्टोपॅथॉलॉजीची टेक्निशियन होते. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मालिनमधून येतो, त्यावर प्रक्रिया करायची, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवायचा, मायक्रोटोम या कापायच्या यंत्रावर चार-पाच मायक्रॉन जाडीचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप घ्यायचे, रंगवायचे आणि स्लाइड डॉक्टरांपुढे ठेवायची. बदललेल्या सांध्यांभोवतीच्या ऊतीही माझ्या हाताखालून गेल्या होत्या. त्यामुळे पुढे जे घडलं, त्याची अर्धी भाषा मला आधीपासून येत होती. उरलेली अर्धी पेशंट म्हणून शिकले.

सर्जननी सुरुवातीलाच सांगितलं होतं, की त्रास असो वा नसो, ठरावीक काळाने एक्स-रे काढायचाच. मी काढत होते. २०१३च्या फोटोच्या वेळी सरांनी जुने सगळे फोटो मागवले आणि लाइटबॉक्सवर ओळीने लावले. मग पट्टी घेऊन मापू लागले. पहिल्या फोटोत गोळा वाटीच्या बरोबर मध्यावर होता. नव्या फोटोत तो वर सरकला होता. गोळा सरकला याचा अर्थ वरच्या बाजूचा लायनर तेवढा झिजला होता. वर्षाला ०.१ मिलिमीटरच्या आत झीज असेल तर हाडाला सहसा धोका नसतो. माझी त्याहून बरीच पुढे गेली होती. मग त्यांनी पेनाच्या टोकाने वाटीच्या वरची एक जागा दाखवली. तिथे हाडाचा पांढरेपणा नव्हता. गोलसर, कडा स्पष्ट असलेली काळी पोकळी.

"दुखतंय का?"

"नाही सर. काहीच नाही."

"तेच तर. दुखायला लागेपर्यंत थांबलात, तर वाटी धरायला भिंत उरणार नाही."

त्यानंतर सीटी स्कॅन झाला. धातूभोवतीच्या चित्रात रेषा आणि सावल्या येतात, त्या कमी करण्याची सोय त्या मशीनवर होती. साध्या फोटोत जे दिसतं त्यापेक्षा हाडाचं नुकसान सीटीवर बहुतेक वेळा जास्त निघतं. माझंही तसंच निघालं. एक पोकळी वर, कमरेच्या पंख्यासारख्या हाडात, चार सेंटिमीटरची. दुसरी खाली, आपण बसतो त्या हाडात, फोटोत अजिबात न दिसलेली. दोन्ही पोकळ्या वाटीच्या स्क्रूच्या भोकांशी जोडलेल्या होत्या.

घरी कुणालाच हे पटेना. "दुखत नसताना कापून घ्यायचं? कशासाठी?" हे विचारत होते, आणि ते रागाने नव्हे, काळजीने. पहिल्या ऑपरेशनची रात्र त्यांनी बाकावर बसून काढली होती. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, आपण काही औषध बघू या की." मीही तो प्रश्न सरांना विचारला. हाडं ठिसूळ होण्यावरच्या गोळ्यांनी हे थांबेल का? त्यांनी सांगितलं, की या गोळ्यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत आशा दाखवली, पण माणसांत तसा फायदा सिद्ध झाला नाही. पोकळी भरायची आणि धुळीचा उगम काढून टाकायचा, एवढाच मार्ग.

धूळ हा शब्द तेव्हापासून घरात रुळला. ती धूळ हाड कशी खाते, हे मी ह्यांना रात्री जेवणाच्या टेबलावर कागदावर काढून समजावलं. थोडं इथेही सांगते, कारण सांधा बदललेल्या माणसाला हे कुणी सांगत नाही आणि ते कळणं त्याचा हक्क आहे.

चालताना धातूचा गोळा लायनरवर घासतो. एका पायाची वर्षाला साधारण दहा लाख पावलं होतात आणि दर पावलाला पॉलिथिलीनचे लाखो कण सुटतात. त्यांतले बहुतेक एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. रक्तातली लाल पेशी सात मायक्रॉनची असते, म्हणजे हे कण तिच्या सातव्या हिश्शाहूनही लहान. नेमका हाच आकार वाईट. ०.१ ते १ मायक्रॉनमधला कण मॅक्रोफेज ही भक्षक पेशी सहज गिळते. जिवाणू गिळला तर ती त्याला आतल्या रसांनी विरघळवते. पॉलिथिलीन विरघळवणारा रसच आपल्या शरीरात नाही. पेशी गिळते, पचवू शकत नाही, आणि मदतीसाठी रासायनिक संदेश सोडत राहते: टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, प्रोस्टाग्लँडिन. नव्या पेशी येतात, त्याही गिळतात. कण गिळून बसलेली पेशी मरते तेव्हा तो पुन्हा मोकळा होतो आणि पुढची पेशी त्याला उचलते. दहा मायक्रॉनहून मोठे तुकडे एकटीला गिळता येत नाहीत, तेव्हा अनेक मॅक्रोफेज एकत्र येऊन जायंट सेल बनते आणि तुकड्याला वेढून बसते.

हे सगळं सांध्याच्या आवरणापुरतं राहिलं असतं तर एवढं बिघडलं नसतं. पण त्या संदेशांनी आसपासच्या पेशींकडून रँकएल नावाचं प्रथिन वाढतं, आणि रँकएल ऑस्टिओक्लास्ट घडवतं. ऑस्टिओक्लास्ट म्हणजे हाड कुरतडणारी पेशी. एरवी ती जुनं हाड काढते आणि ऑस्टिओब्लास्ट मागोमाग नवं बांधते. इथे काढणारे वाढतात, बांधणारे मंदावतात. त्यात चालताना सांध्यातल्या द्रवावर दाब येतो आणि तो कणांसकट जिथे फट मिळेल तिथे घुसतो. माझ्या वाटीच्या स्क्रूच्या भोकांनी त्याला थेट हाडात जायची वाट करून दिली होती. या सगळ्यात जंतू नाहीत, ताप नाही, सूज नाही. हाडाच्या आतून पोखरलं जाण्याला वेदना नसते. वाटी सुटते किंवा हाड मोडतं तेव्हाच दुखतं.

ह्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे शरीर स्वतःचंच हाड खातंय?"

माझ्या मनात ते तसं नव्हतं. पेशींनी त्यांना येत होतं ते काम केलं. परक्या कणाला पकडलं आणि इतरांना बोलावलं. त्यांना न पचणारा पदार्थ आम्ही आत ठेवला होता. मला त्या पेशींवर राग धरता आला नाही, आणि सांध्यावरही नाही. त्या सांध्याने मला माझी मधली सगळी वर्षं उभं ठेवलं होतं. माझ्या मुलीला मी त्याच पायावर उभी राहून सायकल शिकवली.

ऑपरेशन ठरण्याआधी एक गोष्ट नक्की करायची होती: हे कणांमुळेच आहे, जंतुसंसर्ग नाही. दोन्हींचे फोटो कधीकधी सारखे दिसतात आणि उपाय अगदी वेगळे. संसर्ग असेल तर सगळा सांधा काढून, जागा धरायला अँटिबायोटिकचा तात्पुरता ठोकळा (स्पेसर) ठेवून, काही महिन्यांनी पुन्हा बसवायची वेळ येऊ शकते. ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या ठीक आल्या. सी-आर्म या चालत्या एक्स-रे यंत्राखाली लांब सुईने सांध्यातलं पाणी काढलं. ती सुई मला ऑपरेशनपेक्षा जास्त आठवते. जंतू वाढतात का हे पाहायला ते पाणी कल्चरला गेलं, त्यात काही वाढलं नाही. तरीही शेवटची खात्री ऑपरेशनच्या टेबलावर होणार होती, आणि ती करणारी माझीच लॅब होती.

ती पद्धत मी कित्येकदा दुसऱ्या बाजूने केली होती. ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरातून, ताजा तुकडा येतो, फॉर्मालिनमध्ये न बुडवलेला. क्रायोस्टॅट या थंड कापयंत्रात उणे वीस अंशांच्या आसपास तो गोठवायचा, लगेच काप घ्यायचा, झटपट रंगवायचा. वीसेक मिनिटांत डॉक्टर फोनवर सांगतात. सर्जन हातमोज्यांनिशी थांबलेले असतात. तुकड्यात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी, किती, एवढाच प्रश्न. मोठ्या भिंगाखाली एकेका फील्डमध्ये पाचापेक्षा जास्त, आणि असे निदान पाच फील्ड सापडले, तर संसर्गाचा संशय धरायचा. कणांच्या प्रतिक्रियेत मॅक्रोफेज ढीगभर असतात, न्यूट्रोफिल जवळजवळ नसतात.

मला कमरेतून भूल दिली होती. झोपेचं औषध हलकं होतं, मधूनमधून शुद्ध यायची. हातोडीचे दणके ऐकू येत, दुखत काही नव्हतं. मग काम थांबलं. ओटीतले सगळे उगीच हळू बोलू लागले आणि मला कळलं, की तुकडा खाली गेलाय. माझी सहकारी, जिला मीच क्रायोस्टॅट शिकवला होता, ती या क्षणी माझ्या खुब्याचा काप घेत होती. तिच्या हाताची मला पूर्ण खात्री होती. तो वेळ मी तिच्या हालचाली मनात मोजत काढला: आता ब्लॉक गोठला, आता ब्लेड फिरतंय, आता हिमॅटॉक्सिलिनचा रंग, आता इओसिनचा. फोन वाजला. सिस्टरने रिसिव्हर सरांच्या कानाला लावला. "न्यूट्रोफिल नाहीत? नक्की ना? मॅक्रोफेज... बरं. पॉलिथिलीन. थँक यू मॅडम." आणि मग पडद्यावरून माझ्याकडे वाकून, "ऐकलंत ना ताई? आजच बसवतोय." मी रडले. भूलतज्ज्ञ बाईंनी कपाळावर हात ठेवला.

संसर्गाचा उरलासुरला संशय राहू नये म्हणून वेगवेगळ्या जागांचे पाच तुकडे, प्रत्येकाला वेगळी उपकरणं वापरून, कल्चरला पाठवले गेले. दोन आठवडे ते ठेवतात, कारण सांध्यात लपणारे काही जंतू फार सावकाश वाढतात. त्या तुकड्यांआधी अँटिबायोटिकही दिलं नव्हतं. नंतर सगळे निकाल कोरे आले.

केवळ लायनर बदलून, वाटी तशीच ठेवून, स्क्रूच्या भोकांतून हाडाचा चुरा भरायचा, हा एक बेत होता. वाटी घट्ट असती तर तोच केला असता. पण लायनर निघाल्यावर सरांनी वाटी ढकलून पाहिली आणि ती हलली. फोटोत घट्ट दिसणारी वाटी अर्ध्याहून कमी हाडावर टेकलेली होती. ती काढली, पोकळ्यांतला मऊ भाग खरवडून काढला, दात्याच्या हाडाने त्या भरल्या, वर मोठी, सच्छिद्र वाटी स्क्रूने बसवली. दांडा मात्र पक्का होता, त्याला हात लावला नाही. त्याच्या वापरलेल्या टोकावर नवा सिरॅमिकचा गोळा थेट बसवत नाहीत, मध्ये टायटॅनियमची बारीक बाही घालतात, म्हणजे सिरॅमिक तडकत नाही.

वॉकरवर लॅबपर्यंत जाता येऊ लागलं तेव्हा मी आधी फोन केला. पॅथॉलॉजीच्या मॅडम म्हणाल्या, "तुमचे ब्लॉक ठेवलेत. या, दोघी मिळून बघू." दोन जणांना एकाच वेळी पाहता येतं त्या मायक्रोस्कोपवर त्यांनी मला बसवलं. आधी बरणीतला उरलेला भाग दाखवला. पिवळट-करडा, सहज चुरा होणारा, तयार होताना फाटलेल्या खरवसासारखा. असं पूर्वी शेकडोंचं पाहिलं असलं तरी हे माझं आहे, ही जाणीव वेगळी होती. सहकारी पाठीमागे उभी होती. तिने काप अतिशय सुंदर घेतले होते, एकही सुरकुती नाही.

छोट्या भिंगाखाली गुलाबी पट्टे दिसले. तंतूंची जाळी, आणि तिच्यात मॅक्रोफेजचे थरच्या थर. मोठ्या भिंगाखाली एकेक पेशी. पोट फुगलेली, फिकट, बारीक दाणेदार, केंद्रक एका कडेला ढकललेलं. कुठे कुठे जायंट सेल, दहा-वीस केंद्रकं एकाच पेशीत, आणि मध्ये रिकामी वाटणारी लांबट फट. त्या फटीत काही आहे असं साध्या प्रकाशात वाटतही नाही. पॉलिथिलीन पारदर्शक असतं, रंग घेत नाही.

"आता बघा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणारी काच, फिरवला.

पार्श्वभूमी काळी झाली आणि रिकाम्या वाटणाऱ्या त्या प्रत्येक फटीतून पांढरा, तीक्ष्ण उजेड आला. सुया, पापुद्रे, तुटके धागे. जायंट सेलमधले मोठे तुकडे ठळक, आणि मॅक्रोफेजच्या पोटात नुसती धूसर चमक, कारण तिथले कण इतके बारीक की प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला ते सुटे दाखवता येत नाहीत. स्लाइड सरकवली तर तेच, पुन्हा सरकवली तर तेच. माझी चालण्याची सगळी वर्षं तिथे पडली होती. थोडे काळे ठिपकेही होते, धातूचे. मॅडमनी एक काप ऑइल रेड ओ लावून ठेवला होता. तो रंग आम्ही एरवी चरबीसाठी वापरतो. मेणाच्या ब्लॉकच्या प्रक्रियेत चरबी विरघळून जाते, पॉलिथिलीन मात्र टिकतं आणि लाल होतं. त्या कापात लाल कणांची गर्दी होती.

हाडाच्या कडेची स्लाइड त्यांनी शेवटी लावली. तिथे हाडाच्या काठाला खोबणी पडल्या होत्या आणि खोबणीत ऑस्टिओक्लास्ट बसलेल्या होत्या. सीटीवर जी चार सेंटिमीटरची पोकळी दिसली, ती अशा एकेका खोबणीतून झाली होती. मी बराच वेळ तिथेच थांबले. मॅडमनी घाई केली नाही. रिपोर्टवर त्यांनी 'टाइप १' लिहिलं. युरोपातल्या पॅथॉलॉजिस्टांनी २००६ साली सुटलेल्या सांध्यांभोवतीच्या पडद्याचे चार प्रकार ठरवले. पहिला कणांमुळे, दुसरा संसर्गामुळे, तिसरा दोन्हींचा, चौथा ज्यात नक्की सांगता येत नाही तो.

घरी बसण्याच्या काळात मी जे मिळेल ते वाचत गेले, आणि एक गोष्ट वाचून सुन्न झाले. इंग्लंडमध्ये राइटिंग्टनच्या रुग्णालयात कृत्रिम खुब्याचे अग्रणी सर्जन जॉन चार्नली यांनी आधी वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं होतं. १९५८पासून सुमारे तीनशे खुबे त्यांनी तसे बसवले. दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजून त्याच्या कणांभोवती गाठी झाल्या आणि तेच सांधे त्यांना पुन्हा उघडावे लागले. १९६२मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत पॉलिथिलीनचा एक तुकडा आला, लँकेशायरच्या कापडगिरण्यांतल्या मागांच्या दातेरी चाकांना वापरायचा पदार्थ. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तो यंत्रावर घासून पाहिला आणि तो जेमतेम झिजला. पण चार्नलींनी एवढ्यावर भरवसा ठेवला नाही. टेफ्लॉन आणि पॉलिथिलीनचे बारीक कण त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठी हाताला लागत होत्या, पॉलिथिलीनच्या जागी काही लागत नव्हतं. १९६२च्या नोव्हेंबरात पहिली पॉलिथिलीनची वाटी बसली. म्हणजे माझ्या लायनरचा पदार्थ ऊतींच्या प्रतिक्रियेवरूनही पारखला गेला होता. एका माणसाच्या मांडीत थोडेसे कण होते, म्हणून ते शांत राहिले. वर्षानुवर्षं अब्जावधी कण आले तर काय, याचं उत्तर कुठल्याही मांडीत टोचून मिळणारं नव्हतं. तंत्रज्ञाचं नाव या कथेत टिकून आहे, याचा मला फार आनंद झाला.

जर्मन सर्जन हान्स-गेऑर्ग विलर्ट आणि त्यांचे सहकारी सेम्लिच यांनी १९७७ साली मांडलं, की सांध्याचं आवरण काही प्रमाणात कण गिळून लसिकावाहिन्यांतून वाहून नेतं. कण त्या क्षमतेबाहेर गेले की साठतात आणि हाडापाशी पोचतात. तरी दोष बराच काळ सिमेंटवर ठेवला जात होता. पडद्यात सिमेंटचे कण सापडत होतेच. लॅबमध्ये ते आम्हालाही ओळखू येतात, कारण काप तयार करताना वापरायच्या झायलीन या द्रावणात सिमेंट विरघळतं आणि पेशीत गोल भोक राहतं, क्वचित सिमेंटमधले बेरियमचे दाणे राहतात. म्हणून बिनसिमेंटचे सांधे पुढे आले. मला तरुण म्हणून तोच दिला गेला. मग बिनसिमेंटच्या सांध्यांभोवतीही तशाच पोकळ्या दिसल्या आणि नजर पॉलिथिलीनकडे वळली. माझ्या स्लाइडमध्ये सिमेंटचं एकही भोक नव्हतं, असणारच नव्हतं.

काढलेला लायनर मी मागून घेतला होता. लॅबच्या वर्कशॉपमध्ये तो उभा कापून घेतला. कापलेल्या बाजूला, पृष्ठभागाच्या साधारण एक मिलिमीटर खाली, एक पांढरी रेघ डोळ्यांनी दिसत होती. त्या काळात लायनर गॅमा किरणांनी निर्जंतुक करून हवेतच पाकीटबंद करत. किरणांनी पदार्थाच्या साखळ्या तुटतात, तुटक्या टोकांना हवेतला ऑक्सिजन मिळतो, आणि पाकीट कपाटात पडून असतानासुद्धा पदार्थ आतून ठिसूळ होत जातो. पांढरी रेघ त्या ठिसूळपणाची. नव्वदीच्या दशकातच बहुतेक कंपन्यांनी ऑक्सिजनरहित पाकिटं किंवा वेगळं निर्जंतुकीकरण स्वीकारलं.

गंमत नव्हे, पण मला थक्क करणारी गोष्ट अशी, की नव्या लायनरलाही किरणंच दिली आहेत, आणि ती जास्त. मोठ्या मात्रेने साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात, मग उष्णता देऊन मोकळी टोकं संपवतात. असं पॉलिथिलीन १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलं आणि त्याची झीज जुन्यापेक्षा कितीतरी कमी आहे. आणि माझ्या पोकळ्यांत भरलेलं हाडही किरणं दिलेलंच. ते मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या टिश्यू बँकेतून आलं होतं. १९८८पासून ही बँक दात्यांच्या ऊतींवर प्रक्रिया करून त्या गॅमा किरणांनी निर्जंतुक करते, २५ किलोग्रेच्या मात्रेने. कुणाचं ते हाड, मला कधीच कळणार नाही. त्या दात्याचं आणि त्याच्या घरच्यांचं ऋण मी रोज मानते.

धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांबद्दल थोडंसंच लिहिते, कारण ती माझी कथा नाही. तशा एका रुग्णाच्या ऊती मी त्याच काळात कापल्या होत्या. चित्र वेगळंच होतं. मॅक्रोफेजपेक्षा लिम्फोसाइट जास्त, रक्तवाहिन्यांभोवती त्यांची कडी, आणि मोठमोठे निर्जीव पट्टे. कोबाल्ट-क्रोमचे कण नॅनोमीटरमध्ये मोजायचे, त्यांतून धातू विरघळून रक्तातही जातो. असाच एक सांधा २०१०मध्ये जगभरातून परत बोलावला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० जणांना बसवलेला होता, आणि पुढे केंद्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यांतल्या अनेकांचा पत्ताच लागला नाही, हे वाचून मला संताप आला आणि अजून येतो. स्वीडनमध्ये १९७९पासून प्रत्येक खुब्याची नोंद ठेवली जाते. आपल्याकडे ती जबाबदारी रुग्णावर पडते, तर रुग्णाने निदान सांध्याच्या पाकिटावरचा लॉट नंबरचा स्टिकर आणि पहिला एक्स-रे जपून ठेवावा. पहिला फोटो नसेल तर गोळा किती सरकला हे कशाशी ताडून पाहणार?

बरं होणं सावकाश झालं. दीड महिना पायाचा फक्त चवडा टेकवायचा, वजन द्यायचं नाही, म्हणजे भरलेल्या हाडाला वेळ मिळतो. मांडी घालणं आणि उकिडवं बसणं पूर्वीही बंद होतं, आता पुन्हा नव्याने बंद झालं. फोटोत दात्याचं हाड हळूहळू माझ्या हाडात मिसळताना दिसलं. वर्षाच्या फोटोत दोघांमधली सीमा ओळखू येईना. २०१९ला निवृत्त होईपर्यंत मी मायक्रोटोमवर काम केलं. गोळा अजून वाटीच्या मध्यावर आहे.

मॅडमनी त्या दिवशी मायक्रोस्कोपवरून उठताना आणखी एक सांगितलं होतं, आणि ते मी माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. खरवडून सगळे कण निघत नाहीत. मॅक्रोफेज ते घेऊन जांघेतल्या आणि ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींपर्यंत गेलेल्या असतात. काही रुग्णांच्या यकृतात आणि प्लीहेतही असे कण सापडले आहेत. सहसा त्याने काही बिघडत नाही. पण उद्या दुसऱ्या कशासाठी स्कॅन झाला आणि त्या बाजूची ग्रंथी मोठी दिसली, तर बघणाऱ्याला आधी कॅन्सरचा संशय येईल. म्हणून कुठल्याही डॉक्टरांकडे गेले, दातांच्या सोडून, तरी सांगते: डावा खुबा १९९७ साली बसवला, २०१४ साली बदलला, जुना लायनर झिजलेला होता. ग्रंथीचा तुकडा काढलाच, तर तो पोलराइज्ड लाइटखाली बघायला सांगा.